साचेखात्यातली बोली

४ जुलै

आजपासून मी शिक्षण-मेस्त्री. अनंतस्वामीसाहेबांनी सकाळी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "गुरुशांतप्पा, साचेखात्यात जन्म काढलात. आता जरा बसून काम करा." ऑफिसशेजारची, जुने सुटे भाग ठेवायची खोली त्यांनी रिकामी करून दिली आहे. फळा, बाकं, वर पंखा. पंखा उत्तम आहे. वारा भरपूर आणि आवाज अजिबात नाही.

काम दोन तऱ्हेचं. नव्याने घेतलेल्या माणसांना साचा, म्हणजे कापड विणायचा माग, चालवायला शिकवायचं, हे सोपं. दुसरं अवघड आहे. दुसऱ्या पाळीचं कापड पहिल्या आणि तिसऱ्या पाळीपेक्षा स्वच्छ निघतं. साचे तेच, सूत तेच, माणसंही सगळी इथलीच, दावणगेऱ्यातली नाहीतर आसपासच्या खेड्यांतली. मग फरक कुठला? साहेब म्हणाले, "त्यांना काहीतरी ठाऊक आहे, जे बाकीच्यांना ठाऊक नाही. ते शोधून काढा आणि सगळ्यांपर्यंत पोचवा." ही डायरीही त्यांनीच दिली. रोज नको, पण मनात येईल ते लिहा, शंकासुद्धा लिहा, म्हणाले.

संध्याकाळी नीलव्वाला बातमी सांगितली. ती चुलीपाशी पाठमोरी बसून काहीतरी म्हणाली. मी "काय?" म्हटलं. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा "काय?" तशी उलथनं आपटून वळली. "चांगलं झालं म्हटलं! आता काय दवंडी पिटू?"

दाढ काढल्यापासून ती तोंडातल्या तोंडात बोलते. एकदा डॉक्टरला दाखवायला हवं.

६ जुलै

पहिला वर्ग. फळ्यावर साच्याचं चित्र काढलं, आडवा धागा नेणारा धोटा कसा जातो-येतो ते समजावलं. कुणाला काही विचारायचंय का म्हटलं, तर मागच्या बाकावरून कोट्रेश नावाचा तरणा गडी उठला. कोट्टूरकडचा आहे, नुकतंच लग्न झालंय. त्याने काहीतरी विचारलं. मी त्याला धोट्याची पेटी कशी साफ करायची ते सविस्तर सांगितलं. सगळी पोरं खाली माना घालून हसायला लागली. मग कळलं, त्याने जेवणाची सुटी कधी होते ते विचारलं होतं.

हल्लीची पोरं तोंडात गूळ धरून बोलतात. मान वर करून, तोंड उघडून बोलायला कुणी शिकवलेलंच नाही.

वर्ग संपल्यावर उगाचच साचेखात्यात एक फेरी मारली आणि बरं वाटलं. तिथे कसं सगळं स्वच्छ! शेकडो साचे एकदम चालत असताना घशातून बोलून उपयोगच नाही, म्हणून तिथे कुणी आवाज काढतच नाही. ओठ हलवायचे, मोठे, मोकळे. जोडीला हात. पाच साच्यांपलीकडून एकाने विचारलं, "मेस्त्री, गुडघा कसा आहे?" मी म्हटलं, "आहे तिथेच आहे." तो हसला. बाहेरचा माणूस तिथे आला तर त्याला वाटेल, मुक्यांची जत्रा भरली आहे. पण आम्हाला त्यातला शब्दन् शब्द कळतो. ही बोली यायला नव्या माणसाला वर्ष तरी लागतं. तोवर तो बिचारा त्या गोंगाटात एकटाच.

११ जुलै

दुसऱ्या पाळीत जाऊन उभा राहिलो. एक गोष्ट हाती लागली. तिथले साचेवाले जाता-येता धोट्याच्या पेटीवर तळहात टेकवतात. धोटा पेटीत शिरताना जो धक्का बसतो, तो हाताला घट्ट लागला तर ठीक. सैल लागला तर पेटीचा पट्टा लगेच आवळून घ्यायचा, नाहीतर थोड्या वेळाने धागे तुटणार आणि कापडात भोक पडणार. पहिल्या पाळीत असं कुणी करत नाही. ते धागे तुटले की मग धावतात.

विचारलं, ही युक्ती कुणाची? पहिला म्हणाला, शेजाऱ्याकडे पाहून शिकलो. शेजारी म्हणाला, मी पलीकडच्याकडे पाहून. पलीकडचा म्हणाला, परवा जो निवृत्त झाला तो करायचा, आणि तो म्हणायचा मी दुर्गप्पाकडे पाहिलं. दुर्गप्पा म्हणजे त्या पाळीचा जॉबर, साचेवाल्यांचा मुकादम. आडदांड गडी, चेहरा परातीएवढा. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी? मला तर वाटलं तुम्हीच शिकवलीत, मेस्त्री."

मी शिकवली नाही, मला चांगलं आठवतंय.

आणखी एक. ही मंडळी काहीतरी लपवतात. मी कोपऱ्यावरून वळलो की चार-पाच जणांचे हवेतले हात एकदम खाली येतात.

१९ जुलै

टेलिफोनने आज माझी लाज घालवली. खोलीत नवा फोन बसवलाय. साहेबांनी फोन केला, मी "हो सर, हो सर" म्हणत गेलो आणि नव्या पोरांना कापूस-गोदामात नेऊन उभं केलं. साहेबांनी त्यांना कांडीखात्यात बोलावलं होतं, कुणी पाहुणे आले होते त्यांना दाखवायला. तासभर पोरं गोदामात शिंकत बसली. साहेब नुसते माझ्याकडे पाहत राहिले. ते जास्त लागलं. एवढ्याशा चुकीवरून खोली काढून घेतील का? पुन्हा सुटे भाग येऊन पडतील तिथे.

टेलिफोनची तार नक्की खराब आहे. ऑफिसातला शिपाई चौडप्पा जवळच होता. त्याला म्हटलं, "बघ रे, यात नुसती खरखर येते." त्याने कानाला लावून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो मेस्त्री, खराबच आहे. आजपासून फोन मी घेत जाईन. तुम्ही कशाला उठता?"

चौडप्पा आळशी म्हणून सगळ्या गिरणीत प्रसिद्ध. माणूस सुधारतो कधीकधी.

२ ऑगस्ट

वर्गाला शिस्त आली आहे. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण डायरीत सांगायला हरकत नाही.

आता कुणी मागच्या बाकावरून पुटपुटत नाही. काही विचारायचं असेल तर पोरगा उठून पुढे येतो, खिडकीच्या उजेडात माझ्यासमोर उभा राहतो, बाहीला हलकेच हात लावतो, मी पाहिलं की मगच बोलतो. आणि काय बोलतो! प्रत्येक शब्द सुटा, तोंड भरून. कोट्रेश तर आता कीर्तनकारासारखा बोलतो. साहेबांना मी मुद्दाम सांगितलं की माणसाला आधी रीतभात शिकवावी लागते, कसब मागाहून आपोआप येतं. त्यांनी मान डोलावली.

दुर्गप्पा हल्ली त्याची पाळी सुरू होण्याआधी येऊन मागे बसतो. का म्हटलं तर म्हणतो, "शाळा सोडली तेव्हा फार रडलो होतो मेस्त्री, आता पुरी करतो." एखादा पोरगा बसल्या जागेवरून बोललाच, तर हा तेच वाक्य मागून ओठांनी पुन्हा म्हणतो, साचेखात्यात म्हणतात तसं. सवय जात नाही माणसाची. पण त्याचा एक फायदा दिसतो. पोरं त्याच्याकडे पाहून ती बोली उचलायला लागली आहेत.

९ ऑगस्ट

लिहू की नको असं झालंय, पण लिहितो.

नीलव्वा बदलली आहे. पूर्वी स्वयंपाकघरातून ओरडायची, मग चिडायची, मग ताट आदळायची. आता ओरडत नाही. बाहेर माझ्यापाशी येते, खांद्यावर हात ठेवते, मी वर पाहिलं की समोर बसते आणि मग बोलते. साधंच असतं, भाकरी थापू का, दळण आणलंत का. पण खांद्यावर हात ठेवून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरी उजवल्या, आणि आता हे. काल बोलताना माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. मलाच लाजल्यासारखं झालं.

गिरणीतून येताना मल्लिगेचा गजरा घेतला. तिच्या हातात दिला तर तिचे डोळे भरून आले. गजऱ्याने कुणी रडतं का? एवढं का आपण हिला कोरडं ठेवलं, असं वाटून मी पुढचं काही विचारलं नाही.

२२ ऑगस्ट

दुसऱ्या पाळीचं गुपित सापडलं. हसावं की रागवावं कळेना.

ही मंडळी पाळीभर नाटक बसवतात! दुर्गप्पाच्या गावात सुगी झाली की बयलाट करतात, उघड्या रानात, रात्रभर चालणारं. दुर्गप्पा त्यात राक्षस. पाळीतले आठ-दहा जण त्याच गावचे. साचे चालवता चालवता हे एकमेकांना ओठांनी संवाद म्हणून दाखवतात, हातांनी अभिनय करतात. आज मी खांबाआडून पाहिलं. राक्षस चार साच्यांपलीकडच्या राजकन्येला दरडावत होता, आणि राजकन्या, म्हणजे मिशीवाला हालप्पा, धागा सांधता सांधता थरथर कापत होती. बाकीचे साचेवाले प्रेक्षक. मध्येच राजकन्येने कापणं थांबवलं, पेटीवर हात टेकवला आणि राक्षसाला ओठांनी म्हणाली, "थांब रे, पट्टा सैल झालाय." राक्षस धावत गेला, पट्टा आवळला, परत येऊन पुन्हा दरडावायला लागला.

मी तिथेच उभा राहिलो. पहिल्या पाळीतली माणसं आपापल्या साच्याकडे पाहत दिवस काढतात. ही मात्र सतत एकमेकांकडे पाहत असतात. एकाने काही नवं केलं की ते पलीकडे पोचायला वेळ लागत नाही. कुणी शिकवत नाही आणि कुणी शिकत नाही. नाटकाबरोबर तेही जातं.

आता साहेबांना काय सांगू? नाटकाचं सांगितलं तर उद्या नाटक बंद. नाही सांगितलं तर माझं काम अपुरं. अजून अहवाल दिलेला नाही. साहेबांनी दोनदा विचारलं.

२५ ऑगस्ट

कोट्रेशला पहिल्या पाळीत साच्यावर उभं केलंय. आज पाहतो तर तो एका जुन्या साचेवाल्याला पेटीची युक्ती शिकवत होता. धक्का कसा ते सांगणार कसं? त्याने म्हाताऱ्याला पाठमोरं उभं केलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली, घट्ट. मग दुसरी मारली, सैल. ओठांनी म्हणाला, "ही चांगली. ही वाईट." म्हाताऱ्याने त्याला वळवून त्याच्या पाठीवर मारून दाखवल्या. बरोबर होत्या. मग म्हातारा पुढच्या साच्याकडे गेला आणि तिथल्याची पाठ धरली.

मला कळत नाही ते एवढंच, की ज्या बोलीला वर्ष लागतं, ती या नव्या पोरांना महिन्या-दीड महिन्यात आली कशी? माझ्या वर्गात मी ती शिकवलेली नाही.

३० ऑगस्ट

दुपारी आवारातून चाललो होतो. एकदम कोणीतरी मागून कंबरेला मिठी मारून मला बाजूला फेकलं. मी भिंतीवर आपटलो. कोट्रेश होता. जिथे मी चाललो होतो तिथून कापसाच्या गाठींची लॉरी मागे येत गेली, हातभर अंतरावरून. ड्रायव्हरने लॉरी थांबवली, खाली उडी मारली, आणि माझ्या तोंडासमोर येऊन ओरडला. आवाज मला नीट आला नाही. पण त्याचे ओठ दिसले. ओठ वाचण्यात मी कधी चुकत नाही.

तो म्हणाला, "केव्हाचा भोंगा वाजवतोय! बहिरा आहेस का रे म्हाताऱ्या?"

मी आजूबाजूला पाहिलं. चौडप्पा होता, हमाल होते, पाळी बदलायला आलेली माणसं होती. दोघांचे हात अजून कानांवर होते, एवढा तो भोंगा मोठा असणार. ड्रायव्हरचं बोलणं ऐकून कुणाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

३१ ऑगस्ट

गेलो नाही. घड्याळ उजव्या कानाला लावून पाहिलं, मग डाव्या.

१ सप्टेंबर

नीलव्वाला विचारलं. ती रडली नाही. समोर बसून, एकेक शब्द सुटा करून तिने सांगितलं. जुलैमध्ये, मी नसताना, दुर्गप्पा घरी आला होता. कट्ट्यावर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "अव्वा, मेस्त्रींवर चिडू नका. त्यांना ऐकू येत नाही. साचेखात्यात ते कुणालाच कळलं नाही, कारण तिथे कुणालाच ऐकू येत नाही. त्या शांत खोलीत बसवल्यावर कळलं." मग त्याने तिला शिकवलं. मागून बोलायचं नाही. आधी हात लावायचा. उजेड आपल्या तोंडावर घ्यायचा. ओरडायचं तर मुळीच नाही, ओरडलं की तोंड वाकडं होतं आणि ओठ वाचता येत नाहीत.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खूश होता," ती म्हणाली. "गजरा आणलात."

मी उठून बाहेर गेलो. म्हणजे बाहीला हात लावणं ही शिस्त नव्हती. चौडप्पा सुधारला नव्हता. माझ्या घरातलं सुखसुद्धा गिरणीतून शिकून आलेलं. शिपायापासून हमालापर्यंत सगळ्यांना ठाऊक, आणि ज्याचे कान त्याला तेवढं ठाऊक नाही. साहेबांनी मला सांगितलं होतं, काहींना ठाऊक असलेलं शोधा आणि सगळ्यांपर्यंत पोचवा. माझ्याच भोवती ते रोज पोचत होतं, आणि मी फळ्यावर चित्रं काढत बसलो होतो.

४ सप्टेंबर

पाच दिवस घरी. चौडप्पाने निरोप आणला की साहेब विचारतात. मी दार लावून घेतलं.

संध्याकाळी दुर्गप्पा आला. दारात न थांबता सरळ आत येऊन समोर मांडी घालून बसला. नीलव्वाने चुरमुऱ्यांची मंडक्की आणि मिरची भजी आणून ठेवली. मी तोंड फिरवलं. त्याने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. असं माझ्या बापानंतर कुणी केलं नव्हतं.

"शिव्या द्यायच्या तर द्या," तो म्हणाला, "पण माझ्याकडे बघून द्या."

"सगळ्या गिरणीत दवंडी पिटलीस ना?"

"कुठली दवंडी! मी चौडप्पाला सांगायला गेलो, तर त्याला आधीच माहीत. हालप्पाला सांगितलं, तो म्हणाला मला वाटलं फक्त मलाच माहीत आहे. कोट्रेशला तेवढं मी शिकवलं, कारण तो तुमच्यावर हसला होता. मग त्याने बाकीच्या पोरांना शिकवलं. कुणाला काही सांगावंच लागलं नाही मेस्त्री. एकाने बाहीला हात लावला, ते दुसऱ्याने पाहिलं, झालं."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

त्याने उचललेली भजी परत ताटलीत ठेवली. मग म्हणाला, "एकमेकांना सांगायला तोंड उघडतं. तुम्हाला सांगायला उघडेना. तुम्ही आम्हाला धागा सांधायला शिकवलंत. तुम्हाला जाऊन कोण सांगणार, तुमचे कान गेले म्हणून?"

त्याने ताटलीतली भजी माझ्याकडे सरकवली.

"आणखी एक सांगू? नाटकात मी राक्षसच का करतो?"

"तुझं थोबाड पाहून दिला असेल."

"राक्षसाने ओरडलेलं चालतं. दोन वर्षांमागे मी राजा होतो. लोक म्हणाले, राजा एवढा बोंबलतो कशाला? मला माझाच आवाज येत नव्हता, मेस्त्री. डावा गेलाय. उजवा चाललाय."

हे सांगताना तो हसत होता, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. मग मीही पुसले. नीलव्वा दाराशी उभी होती. तिने आत येऊन दोघांच्याही खांद्यावर एकेक हात ठेवला, मगच विचारलं, "चहा टाकू?"

६ सप्टेंबर

साहेबांकडे गेलो. ते कागदात मान घालून बोलत होते. मी म्हटलं, "सर, मान वर करून बोला. मला ऐकू येत नाही."

गिरणीत एवढे दिवस ही गोष्ट सगळीकडे फिरली, आणि त्यांच्या केबिनचा एक जिना तेवढा चढली नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं. गोदामाच्या प्रकारानंतर त्यांना वाटलं होतं, मी प्यायला लागलोय.

मग अहवालही तोंडीच दिला. म्हटलं, दुसऱ्या पाळीला काही वेगळं कसब नाही. ते बोलतात, एवढंच.

"त्या गोंगाटात? कशाबद्दल?"

"घराबद्दल, शेताबद्दल. नाटकाबद्दलही. कामाचं मध्ये-मध्ये येतं. पण बाकीचं काढून घेतलंत तर कामाचंही येणार नाही. आणि सर, ती खोली बंद करा. तिथे शिकवलेलं साच्यापाशी उभं राहिल्यावर ऐकू येत नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून साच्यावर उभं करा आणि आधी ती बोली शिकवा. मग शेजारचा शिकवील, पलीकडचा शिकवील."

साहेबांनी समोरचे कागद बाजूला ठेवले. मग उठून टेबलाला वळसा घालून माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसले आणि हळूहळू बोलले. नियमाप्रमाणे मला डॉक्टरकडे पाठवावं लागेल. आणि कान गेलेल्या माणसाला मेस्त्री म्हणून ठेवता येणार नाही.

"ठेवू नका," मी म्हटलं. म्हणायला सोपं गेलं. जिना उतरून सवयीने त्या खोलीकडे वळलो, मग परत फिरलो.

१७ सप्टेंबर

डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं, चिमटा वाजवून पाहिला. आतली नस गेली आहे, परत येणार नाही म्हणाले. साच्यांच्या आवाजानेच. मी विचारलं, आधी काही करता आलं असतं का? म्हणाले, कानात कापूस घातला असतात तरी थोडं वाचलं असतं.

कापूस! कापसाच्या गिरणीत जन्म काढला. कपड्यांत कापूस, केसांत कापूस, नाकात कापूस. कानात तेवढा नाही.

२६ सप्टेंबर

आता मी कागदावर नुसता साचेवाला, प्रत्यक्षात शिकवणारा. मेस्त्री म्हणून नवा माणूस आलाय, चांगला आहे. पण कोट्रेश मला मेस्त्रीच म्हणतो आणि त्याला नुसतं सर.

नव्या तुकडीला पहिलं काम काय दिलं? कानात कापूस. जुन्यांनी टिंगल केली. "बायका नथ घालतात, हे कापूस घालतात." पोरं लाजून काढून टाकायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्गप्पा पाळीवर आला तो दोन्ही कानांत लिंबाएवढे बोळे खोचून, राक्षसाच्या रुबाबात. साऱ्या खात्यातून एक फेरी मारली. हालप्पाने विचारलं, "हे काय?" तो ओठांनी म्हणाला, "उजवा अजून थोडा शिल्लक आहे, तो जपतोय."

कुणी हसलं नाही. आज पाहिलं तर हालप्पाच्याही कानात कापूस होता. त्याच्या शेजाऱ्याच्या नव्हता, पण तो हालप्पाच्या कानाकडे सारखा पाहत होता. म्हणजे उद्या असेल.

१५ ऑक्टोबर

आयुधपूजा. साचे धुऊन-पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या, प्रत्येकाला भस्माचे पट्टे ओढले. कोहळा फोडला. सगळे साचे बंद. बायका-पोरं गिरणी पाहायला आली. वर्षातून हा एकच दिवस साचेखात्यात शांतता असते, आणि म्हणूनच आज मला सकाळपासून धास्ती वाटत होती. त्या शांततेत मी पुन्हा एकटा पडणार.

पण आमची माणसं विसरलीच की साचे बंद आहेत. की विसरल्याचं सोंग घेतलं, कोण जाणे. सगळे आपले ओठांनीच बोलत होते, एकमेकांशीसुद्धा. घरून आलेल्या बायका चकित होऊन नवऱ्यांकडे पाहत होत्या. कोट्रेशच्या बायकोने त्याला विचारलं, "तुमचा आवाज बसला का?"

नीलव्वा पलीकडच्या टोकाला, दारापाशी, बायकांच्या घोळक्यात उभी होती. मध्ये सगळं खातं आणि एवढी गर्दी. तिने हात वर केला. मी पाहिलं. तिने चेहरा उजेडाकडे वळवला आणि आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "पटका वाकडा झालाय. पण राहू द्या. लग्नातही असाच वाकडा होता. मांडवात मला तुम्ही तसेच आवडलात. सांगायची लाज वाटली होती."

तिच्याभोवतीच्या बायकांना काही कळलं नाही. तिला वाटलं, एवढ्या लांबून, आवाज न काढता, हे फक्त मलाच कळेल. ती कुठे उभी आहे हे ती विसरली होती. साऱ्या खात्यातल्या साचेवाल्यांनी एकदम वळून माझ्या पटक्याकडे पाहिलं. आधी दुर्गप्पाचे खांदे हलायला लागले. मग हालप्पा साच्याला धरून खाली बसला. मग सगळेच. कोट्रेश डोळे पुसत होता. अनंतस्वामीसाहेब प्रसादाची मंडक्की हातात धरून इकडेतिकडे पाहत होते, शेवटी त्यांनी चौडप्पाला विचारलं, "काय झालं? मला सांगेल का कुणी?"

नीलव्वाने ते पाहिलं आणि तिला उमगलं. तिने पदर तोंडावर घेतला, पार डोळ्यांपर्यंत. आणि पदराआडून आणखी काहीतरी म्हणाली. ओठ दिसत नव्हते. त्यामुळे ते खात्यात कुणालाच कळलं नाही, मलाही नाही.

घरी आल्यावर विचारलं, "पदराआड काय म्हणालीस?" नको नको म्हणत होती. मग येऊन समोर बसली, दिवा जवळ ओढला, आणि सांगितलं.

ते इथे लिहीत नाही.